टोक छाटायचं का?

"आणलंस का शेवटी घरात?"

आत्यानं दारातूनच विचारलं. वय ऐंशीच्या पुढं, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण खिडकीत ठेवलेली ती तांब्याची वस्तू तिला बरोबर दिसली. वीतभर लांब, एका तोंडाला अंगठ्याएवढी जाड, पुढं निमुळती होत होत सुईसारखी संपणारी, जराशी वाकवलेली. मी म्हणालो, "आत्या, शिंग नाही ते. नुसती पोकळ नळी. टोक बंद आहे तिचं. फुंकली तरी वाजायची नाही."

"मला नगं शिकवू," ती म्हणाली. "मी वळखते त्याला." आणि आत जाऊन पडली. त्या रात्री जेवली नाही.

दोस्तांनो, साठी उलटल्यावर मी एक नवं काम शिकलो. शिकताना जो आनंद झाला तो कारखान्याच्या अडतीस वर्षांत झाला नव्हता. आणि ते काम घरात आलं त्या रात्री घरातली सगळ्यात जुनी बाई उपाशी झोपली. या दोन गोष्टींचा हिशेब मला लागत नाही, म्हणून लिहायला बसलो. मी लेखक नाही. पत्र्याचा माणूस आहे. तेव्हा आधी पत्र्याचं सांगतो, मग प्रश्नाकडं येतो.

१९८१ साली आयटीआयमधून शीट मेटलचा ट्रेड करून बाहेर पडलो, वर्षभर अप्रेंटिस, मग एकाच कारखान्यात रिटायर होईस्तोवर. हवेचे डक्ट, धान्याचे हॉपर, धुराडी. आमच्या धंद्यात शंकू म्हंजे रोजची भाकर. सपाट पत्र्यातून शंकू काढायचा तर त्याचं गणित आहे. तळाची त्रिज्या १० सेंटिमीटर आणि तिरकी उंची ३० सेंटिमीटर असेल, तर ३० च्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, त्याचा बरोबर तिसरा भाग, म्हंजे १२० अंशांचा तुकडा कापायचा, कडा जुळवायच्या, झाला शंकू. हे पहिल्यांदा फळ्यावर बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. गावात सगळ्या गोष्टी कोणीतरी सांगितल्या म्हणून खऱ्या असायच्या. ही एक गोष्ट कोणी न सांगता खरी होती.

पण त्या शंकूला एक अट असते. तो कशावर तरी वळवावा लागतो. आत लोखंडी मँड्रेल, बाहेरून मोगरीचे घाव. शंकू जितका बारीक होत जाईल तितका आतला आधार बारीक, आणि शेवटी अशी जागा येते की तिथं आत काहीच घालता येत नाही. मग काय करायचं? टोक कापून टाकायचं. ड्रॉइंगमध्ये सुद्धा टोक नसायचंच. अडतीस वर्षं मी टोक नसलेले शंकू केले आणि टोक करता येत नाही अशीच माझी समजूत होती.

माझी पुतणी एका कला महाविद्यालयात धातुकाम शिकते. आमच्या खानदानात कॉलेजात हातोडी शिकायला गेलेली ती पहिलीच. तिनं एका पुस्तकाच्या झेरॉक्स आणल्या. पुस्तक १९७८ सालचं, अमेरिकेत छापलेलं. लिहिणारा हेइक्की सेप्पा. जन्म फिनलंडचा, १९२७ चा, म्हंजे महाडच्या तळ्याच्या सालचा. पुढं अमेरिकेत सेंट लुइसच्या विद्यापीठात शिकवायचा. २०१० साली वारला. वाडग्यासारखे चहूबाजूंनी एकाच अंगाला वाकलेले आकार वेगळे, घोड्याच्या खोगिरासारखे दोन उलट्या अंगांना वाकलेले वेगळे, अशी त्यानं धातूच्या आकारांची नीट मांडणी केली आहे. त्यातच ही पोकळ निमुळती नळी. तिचं नाव स्पिक्युलम. लॅटिन शब्द, अर्थ बारीक अणकुचीदार वस्तू. पुतणी आणि मी तिला नुसतं 'टोक' म्हणतो.

काम असं. तांब्याचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यायचा. त्यातून बांबूच्या पानासारखा लांबट तुकडा कापायचा. मधोमध सव्वा सेंटिमीटर व्यास हवा असेल तर तिथं रुंदी चार सेंटिमीटरच्या जराशी आत, कारण परीघ व्यासाच्या ३.१४ पट. कडा कानशीनं अशा घासायच्या की दोन्ही बाजू एकमेकींशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. मग तुकडा तापवायचा. मंद लाल झाला की पाण्यात. इथं लोखंडाची सवय सोडावी लागते. पोलाद लाल करून पाण्यात टाकलं की कडक होतं. तांबं तापलं की मऊ होतं आणि पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं. ते कडक होतं घावांनी. हातोडी खाऊन खाऊन ताठरतं, मग आणखी घाव घातला तर चिरतं. पुन्हा तापवा, पुन्हा मऊ. एका टोकासाठी मला हे सहा-सात वेळा करावं लागलं.

मऊ झालेला तुकडा लाकडाच्या ठोकळ्यात कोरलेल्या खाचेवर ठेवायचा आणि अरुंद तोंडाच्या हातोडीनं मधल्या रेषेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत घाव घालत जायचं. पत्र्याची पन्हळ होते. मग कडांवर बाहेरून मोगरी. दोन्ही कडा बरोबरीनं वर आणायच्या. एक पुढं गेली की सांधा पिळतो आणि मग काही केल्या सरळ होत नाही. आणि हे सगळं करताना आत काही नाही. मँड्रेल नाही, वाळू नाही, राळ नाही. आत नुसती हवा. पत्र्याला जो वाक आलेला असतो तोच त्याचा आधार. सपाट कागद हातात धरला तर मान टाकतो, मधून जरा दुमडून धरला तर ताठ राहतो, तसं. म्हणून टोक करता येतं. आत आधार घालायचाच नसल्यामुळं आधार मावत नाही हा प्रश्नच उरत नाही.

माझे पहिले सात तुकडे भंगारात गेले. माझा घाव जड. कारखान्यात खाली पोलाद, वरून हातोडी, मध्ये पत्रा चिरडतो, पातळ होतो, पसरतो. इथं जिथं खाली काही टेकलेलं नाही तिथं घाव घालायचा, म्हंजे पत्रा पातळ न होता नुसता वळतो. हे डोक्याला पहिल्या दिवशी कळलं. मनगटाला कळायला दोन महिने लागले. पुतणीला तिसऱ्या तुकड्यातच जमलं. ती म्हणाली, "काका, तुम्हाला येतं ना, म्हणून येत नाही." पोरीचं बोलणं मला झोंबलं, पण खरं होतं.

सांधा मिळाला की लोखंडी तारेनं बांधायचा, टाकणखार लावायचा, चांदीची झाळ द्यायची. दोन्ही टोकं बंद असतील तर आधी कुठंतरी बारीक भोक पाडून ठेवायचं. नाहीतर आतली हवा तापून फुगते, नळी फुटते आणि जवळ वाकलेल्या माणसाचा डोळा जातो. हे पुतणीनं मला दोनदा बजावलं. मला ते आधीपासून ठाऊक होतं, तरी ऐकून घेतलं. शिकवणाऱ्याचं ऐकून घ्यावं.

झालं. हे झालं पत्र्याचं. आता माणसांचं.

तिच्या कॉलेजचं प्रदर्शन होतं. तिनं आमच्या दोघांचे तुकडे मांडले आणि मला शेजारी उभं केलं. एक बाई आल्या. बोलायला गोड. माझा तुकडा उचलून म्हणाल्या, "किती सुंदर! तुमच्या घराण्यात पूर्वीपासून आहे का हे काम?"

दोस्तांनो, खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. आजोबांपासून आहे, असं म्हणावं वाटलं. म्हटलं असतं तर तुकडा विकला गेला असता, बाईंनी आजोबांचं नाव लिहून घेतलं असतं, कुठंतरी फोटो छापून आला असता. पण पुतणी बघत होती. मी म्हणालो, "नाही बाई. मागच्या दिवाळीत शिकलो. झेरॉक्सवरून." त्यांनी तुकडा खाली ठेवला. रागानं नाही. बाजारात भाव विचारून माणूस पुढं सरकतो तसं त्या सरकल्या.

मी त्या बाईंना दोष देत नाही. पण तो प्रश्न डोक्यात घुसून बसला. हुन्नराला बाप का लागतो? एखाद्याला एखादं काम येतं, एवढं पुरत नाही का? शिकून आलेलं काम कच्चं, आणि रक्तातून आलेलं अस्सल, हे कोणी ठरवलं? सेप्पा या फिनिश शब्दाचा अर्थच मुळी धातू ठोकणारा, लोहार-सोनार. तो हे काम शाळेत जाऊन शिकला. आडनावानं त्याला कामाला जुंपलं नव्हतं, आणि त्याचं आडनाव दुसरं काही असतं तरी त्याला कोणी उठवून लावलं नसतं. आपल्याकडं नावाचं काम सोडलं तर गाव मारायचं आणि दुसऱ्याच्या नावाचं धरलं तरी मारायचं. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलं. त्या बाईंना ते पुस्तक दिलं तर त्या वाचतील, मान डोलावतील, आणि पुढच्या प्रदर्शनात पुन्हा घराणं विचारतील. कारण त्यांना ती जात वाटतच नाही. परंपरा वाटते.

आता आपल्या बाजूचं. आमच्या वस्तीतला एक कार्यकर्ता, एम.ए. झालेला, तळमळीचा पोरगा. मी रविवारी समाजमंदिराच्या ओट्यावर चार पोरांना हे काम दाखवायला लागलो तेव्हा तो आला. म्हणाला, "काका, बापजाद्यांच्या हातातून हलग्या आणि शिंगं टाकून द्यायला आपली एक पिढी खर्ची पडली. आणि तुम्ही पोरांच्या हातात परत हातोडी देताय?"

त्याला 'श्रमप्रतिष्ठा' म्हणून गप्प करता आलं असतं. मी तो शब्द वापरत नाही. ज्यांनी जन्मात घाण उचलली नाही त्यांच्या तोंडून तो मी फार ऐकला आहे. मेलेली ढोरं ओढण्यात श्रम होते, प्रतिष्ठा कुठं होती? आणि कारागिरीचे गोडवे गाणाऱ्यांबद्दलही एक सांगतो. तांबटाच्या कामाचे फोटो फार देखणे येतात. दिवसभराच्या ठोक्यांनी त्याचे कान गेलेले असतात ते फोटोत येत नाही. तेव्हा पोरानं पेन धरावं, हातोडी नको, असं कोणी आई म्हणत असेल तर मी तिच्याशी भांडणार नाही. माझ्या आईनं तेच म्हटलं होतं.

पण एवढं मी त्याला विचारलं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं ते कशाविरुद्ध? कामाविरुद्ध का? जन्मानं गळ्यात पडलेल्या, रात्री-बेरात्री कोणीही येऊन हाक मारावी अशा कामाविरुद्ध होतं ते. ती वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. आपण जे टाकलं ते हातातली वस्तू टाकली की ती हाक टाकली? पोरगा म्हणाला, "वस्तू ठेवली की हाक येतेच मागून." हे उत्तर मला खोडता आलं नाही. अजून येत नाही.

त्याच रात्री मला दोन जुन्या गोष्टी आठवल्या. त्यातली एक मी आयुष्यभर सांगत आलो. दुसरी आजवर कोणाला सांगितली नाही.

पहिली १९८४ च्या सुमाराची. पुण्याची तांबट आळी तुम्हाला नावानं ठाऊक असेल. ही तिथली नाही, दुसऱ्या एका गावची. सुटीच्या दिवशी मी तिथल्या तांबट गल्लीत बघत उभा राहायचो. हंड्याचा गळा आखडत कसा आणतात ते मला बघायचं होतं. पत्र्याला एकही चीर न देता रुंद पोटातून अरुंद गळा. कारखान्यात असलं काही नव्हतं. तिसऱ्या रविवारी एका म्हाताऱ्या कारागिरानं विचारलं, "कुठले?" सांगितलं. "आडनाव?" सांगितलं. तो काही वाईट बोलला नाही. चहा सुद्धा पाजला. फक्त बसल्या जागी अर्धा वळला. आता मला त्याची पाठ दिसत होती. हातोडीचा आवाज ऐकू येत होता. हात दिसत नव्हते.

ही गोष्ट मी युनियनच्या सभेत सांगितली, जयंतीच्या स्टेजवर सांगितली. दरवेळी टाळ्या पडल्या.

दुसरी १९९३ ची. १९६१ चा अप्रेंटिस कायदा तुम्हाला माहीत असेल. १९७३ साली त्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या. त्या जागेवर आमच्याकडं एक पोरगा आला. मातंग समाजाचा, मराठवाड्यातला. शांत. त्याला माझ्या हाताखाली दिलं. आमच्याकडं एका बाजूला चौकोनी आणि दुसऱ्या बाजूला गोल असे डक्टचे जोड असायचे. त्याचं मार्किंग पत्र्यावर काढायला बाकीच्यांना तासभर लागायचा. मी माझी एक आडवाट शोधून काढली होती, वीस मिनिटांत व्हायचं. त्यामुळं तातडीचं काम माझ्याकडं यायचं आणि त्याबरोबर ओव्हरटाइम. एके दिवशी मी मार्किंग करत असताना तो पोरगा मागून येऊन बघत उभा राहिला. मी खडूच्या रेघा तळहातानं पुसल्या. आणि म्हणालो, "जा, कटर घेऊन ये."

तो गेला. कटर घेऊन आला. काही बोलला नाही. वर्ष संपल्यावर निघून गेला. आज कुठं आहे मला माहीत नाही.

ओव्हरटाइमसाठी केलं, असं मी तीस वर्षं स्वतःला सांगत आलो. बायको, दोन लेकरं, भाड्याची खोली. पण तिथं आपल्या वस्तीतला पोरगा उभा असता तर मी रेघा पुसल्या असत्या का? या प्रश्नावर माझा हात थरथरतो. तांबटानं पाठ तरी फिरवली, चहा तरी पाजला. मी पुसून टाकलं.

हे मी पापाची कबुली म्हणून लिहीत नाही. मला यातून एक गोष्ट कळली, ती लिहायची आहे. कायद्यानं त्या पोराला कारखान्याच्या फाटकातून आत आणलं, माझ्या टेबलापर्यंत आणलं. पण त्याचे डोळे आणि माझे हात यांच्यात एक वीत उरली होती. त्या वितीवर कायद्याचा अंमल चालत नाही. तिथं मीच सरकार होतो. पुस्तकानं सुद्धा ती वीत पुरी मिटत नाही. सेप्पानं काहीच लपवलं नाही, चित्रं काढली, क्रम सांगितला. तरी घाव किती जड हे कागदावर येत नाही. सांधा मिळायला आला की मोगरीचा आवाज भद्द व्हायचा बंद होतो, टणक होतो, हे मला झेरॉक्समधून कळलं नाही. पुतणीनं माझं मनगट धरून दाखवलं तेव्हा कळलं. एकवीस वर्षांच्या पोरीनं साठीच्या माणसाचं मनगट धरलं. तिनं हात झाकले असते तर मी आठव्या तुकड्यालाच सोडून दिलं असतं.

म्हणून मला वाटतं, ज्याला काम येतं तो देणं लागतो. मेहरबानी म्हणून नाही. माझी ती आडवाट सुद्धा मी आकाशातून आणली नव्हती. आयटीआयच्या मास्तरांच्या फळ्यावरून, दोन जुन्या फिटरांच्या शिव्यांमधून, चोरून बघितलेल्या पन्नास गोष्टींमधून ती जमली होती. पुसताना मात्र ती माझी एकट्याची झाली. यावर कोणी म्हणेल, मग कारागिरानं पोट कसं भरायचं? सगळं दाखवून मोकळा झाला तर उद्या त्याला कोण विचारणार? बरोबर आहे. पोटाचा प्रश्न खरा आहे. तांबटाचाही खरा होता. भुकेल्या माणसाला मी उघड्या हाताचा उपदेश करणार नाही. पण आता मला पेन्शन आहे, थोडी का होईना, आणि हात झाकायला माझ्याकडं पोटाचं निमित्त उरलेलं नाही. रविवारी ओट्यावर येणाऱ्या चार पोरांत दोन मुली आहेत आणि एक मुलगा पलीकडच्या मातंग वस्तीतला आहे. त्या जुन्या पोराची त्यानं भरपाई होत नाही. हा पोरगा वेगळा, तो वेगळा.

आता आत्याकडं येतो. तिला मी उपाशी झोपवून इतकं लांब आलो.

पाचव्या दिवशी ती आपणहून बोलली. आमचा आजा, म्हंजे तिचा बाप, गावच्या जत्रेत शिंग फुंकायचा. शिंग घडवलं तालुक्याच्या तांबटानं. पैसे दिले देवस्थानानं. वारा आमच्या आजाचा. घडवणाऱ्यानं फुंकायचं नाही, फुंकणाऱ्यानं घडवायचं नाही, आणि पैसे देणाऱ्यानं दोन्ही करायचं नाही. आजाच्या ओठांना कायमचा घट्टा पडला होता. जत्रा संपली की शिंग देवळात आणि आजा देवळाबाहेर. आत नेण्याआधी ते चिंचेनं, राखेनं घासून धुवायचे. आत्या म्हणाली, "तांब्याचा इटाळ चिचंनं जायचा बघ. आमचा कशानंच जायचा न्हाई."

नागपूरला १९५६ च्या ऑक्टोबरात काय झालं ते गावात पोचलं होतं. डिसेंबरात बाबासाहेब गेले. पौषात जत्रा. सांगावा आला, आजा गेला नाही. दुसऱ्यांदा आला, गेला नाही. तिसऱ्यांदा माणूस आला तो शिंगच घेऊन आला आणि दारात टाकून गेला. आजानं त्याला हात लावला नाही. तीन दिवस ते दारात पडून होतं. घरातली माणसं, पोरं, शेळ्या त्याला ओलांडून ये-जा करायची. आत्या तेव्हा पंधरा-सोळाची. चौथ्या दिवशी सकाळी ते तिथं नव्हतं. कोणी नेलं ते कळलं नाही. पुढं जे व्हायचं ते झालं. भाकर बंद, रान बंद, आणि वर्षाच्या आत आमचं घर मुंबईला.

"माझ्या बानं दारातनं आत येऊ दिलं न्हवतं त्याला," आत्या म्हणाली. "तू खिडकीत मांडलंस."

मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. आकाराला काय दोष? निमुळती पोकळी म्हशीच्या शिंगात आहे, तेलाच्या नरसाळ्यात आहे, मी केलेल्या शेकडो हॉपरांत आहे. आत्या कधी नरसाळं बघून उपाशी झोपली नाही. पण हा वाद मी तिच्यापुढं मांडला नाही, कारण तो लबाड आहे. तिला आकार दिसला नव्हता. तिला तीन दिवस दिसले होते. तेही एक ज्ञान आहे आणि तिनं त्याची किंमत मोजली आहे. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर, तिच्यासाठी मी हा आकार सोडला, तर माझ्या हातानं काय घडवायचं नाही हे अजून त्या गावानंच ठरवल्यासारखं होतं. दारात टाकलेलं ते शिंग मग सत्तर वर्षांनी सुद्धा दारातच पडलेलं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात. ज्याला यातली एकच खरी वाटते त्याचा मला हेवा वाटतो.

पोरांनी सहा-सात रविवार खपून एक मोठं टोक घडवलं आहे. दोन फूट लांब, पितळेचं. एक तोंड उघडं, तळहाताएवढं, दुसरं सुईसारखं मिटलेलं. सांधा थोडा पिळला आहे, पण पहिल्या कामाच्या मानानं उत्तम. त्यातली एक मुलगी परवा म्हणाली, "काका, हे टोक बोटभर छाटलं तर वाजेल ना?" वाजेल. बोटभर छाटलं की फुंकायला तोंड होतं आणि ते शिंग होतं. नाही छाटलं तर ती नुसती वस्तू. पोरांना ते १४ एप्रिलच्या मिरवणुकीत वाजवायचं आहे. कार्यकर्ता पोरगा म्हणतो, ढोल-ताशे आहेत, डीजे आहे, हेच कशाला? त्याचं म्हणणं मी वर सांगितलं आहे, आणि ते मला अजून खोडता आलेलं नाही हेही सांगितलं आहे.

मी आत्याला विचारलं. न विचारता छाटायचं नाही एवढं ठरवलं होतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कोण फुकणार?"

"पोरं. पाळीपाळीनं. दोन पोरी पण आहेत."

"पोरी?"

"होय."

"बोलवायला कोण येनार न्हाई न्हवं त्यास्नी?"

"कोणी नाही. त्यांचं त्यांनी घडवलंय."

त्यावर ती काही बोलली नाही. कुशीवर वळली. मला वाटलं झोपली. थोड्या वेळानं भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, "खिडकीत ठिवू नगंस."

तेव्हा सध्या ते खाटेखाली आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. सांधा तारेनं बांधला आहे, झाळ अजून द्यायची आहे. टोक शाबूत आहे.